शेऱ्याचा रकाना

एप्रिलचा शेवटचा आठवडा. सातपूरची शाळा.
शिक्षक-खोलीचा पंखा दोनवर अडकलेला.
एक मेच्या निकालाला चारच दिवस
आणि माझ्यासमोर नववी 'क'ची
त्रेपन्न प्रगतीपत्रकं.

गुण भरून झाले. गुण सोपे असतात.
आता प्रत्येकाच्या नावापुढे तीन रकाने उरलेत:
विशेष प्रगती. आवड, छंद. सुधारणा आवश्यक.
रुंदी जेमतेम दोन बोटं.
तांदळेबाई पर्स उचलता उचलता म्हणाल्या,
"एवढा कसला विचार करता हो?
मुलींना अक्षर सुंदर, मुलांना खेळात रुची.
पालक सही करतात. वाचतं कोण?"

बेंडकुळे अक्षदा.
जूनमध्ये फळ्यापाशी बोलावलं की
ओढणीचं टोक चावत उभी राहायची.
डिसेंबरात तिनं जागेवरून सांगितलं,
बाई, तिसऱ्या ओळीत उणे चिन्ह राहिलं तुमचं.
वर्ग गप्प. ती स्वतःच दचकून खाली बसली.
गणितात एक्केचाळीस आहेत तिला.
विशेष प्रगती: बाईंची चूक दाखवते.
खोडलं. मुख्याध्यापकांना हे कसं समजावणार!
आत्मविश्वास वाढला, असं लिहिलं,
आणि ते वाक्य माझ्याकडे
अनोळखी पाहुण्यासारखं बघत राहिलं.

शेख ओवेस.
नखांत कायमचं काळं ऑइल,
म्हणून वही पुढे करताना मुठी मिटलेल्या.
द्वारकेला मामाचं गॅरेज आहे, हे मला
शाळेची घंटा बंद पडली तेव्हा कळलं.
मधल्या सुट्टीत स्टुलावर चढून त्यानं ती उघडली,
आत मेलेली पाल होती.
इतिहासात नापास. घंटा मात्र वेळेवर.
आवड, छंद: वस्तू उघडून बघणे.
हे मात्र ठेवलं. शाईनं.

मग लिलके किसन.
इथे माझं पेन थांबतं.

जानेवारीचा हजेरीपट अजून कपाटात आहे,
त्याच्या ओळीत लाल शाईत, माझ्याच हातानं,
एकोणीस वेळा गैरहजर.
भर वर्गात मी विचारलं होतं,
"शाळा म्हणजे धर्मशाळा वाटते का रे तुला?"
मुलं हसली. तोही हसला, सगळ्यांसोबत.
दुसऱ्या दिवशी चिठ्ठी आणली, आईच्या नावानं,
पण 'ळ'ची गाठ त्याची होती, मी ओळखते.
बाहेर बोलावलं. शब्द तोंडात तयार होते.
तो म्हणाला,
"आईला येते सही, बाई. पण ती झोपली होती.
उठवलं नाही."

मोहाडीच्या पॅकहाऊसला रात्रपाळी, द्राक्षांचा हंगाम.
पिकअप सकाळी सातला आणून सोडते तिला,
तोवर धाकट्या बहिणीपाशी तो.
पेठहून इथे आल्याला दुसरं वर्ष.
मला काही माहीत नव्हतं.
मी विचारलंच नव्हतं.

त्यानंतर शाळा सुटल्यावर पाऊण तास,
मी, किसन आणि बैजिक राशी.
बहीण मागच्या बाकावर
खडूनं कोंबड्या काढायची.
काही दिवस तो पेंगायचा. काही दिवस मी.
एकदा मी चिडले, तेव्हा ती म्हणाली,
"ओरडू नको, तो रात्री भाकरी करतो."
छत्तीस पडले. पस्तीसला पास.
त्या एका जास्तीच्या गुणाचं
मला काय करावं कळत नाही.

सुधारणा आवश्यक:
पेन्सिलनं लिहिलं, आधी विचारावं, मग बोलावं.
वाचलं. हे त्याचं नव्हे.
खोडरबर फिरवलं, तर कागद जरासा चुरगळला,
तिरक्या उजेडात धरला तर अजून दिसतं.
दिसू दे.
एक मेला त्याची आई उन्हात रांगेत येईल,
तिला सही येते.

कारखान्याचा भोंगा झाला. अजून एकतीस बाकी.
खैरनार मामा दारात कुलूप घेऊन,
"बाई, घरी नाही का जायचं?"
जाते मामा.
तेवढी घंटा एकदा वाजवून बघा,
उद्या परत अडकायला नको.